चौदा नंबरची छत्री आणि उरलेला देश

६ जानेवारी, सोमवार

सासूबाईंकडे जेवण. बेफाना म्हातारी काल येऊन गेली. शहाण्या पोरांना मिठाई, वाह्यात पोरांना कोळसा. सासूबाई (इओलांदा, वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे) दरवर्षी माझ्या ताटाशेजारी साखरेचा काळा कोळसा ठेवतात. गंमत म्हणे. मी अठ्ठावन्न वर्षांचा, मोदेनाच्या मोजणी खात्यातला वरिष्ठ माणूस. एकतीस वर्षं हा कोळसा खातोय.

मेहुणा लोरिस आला होता. त्याच्याकडे आत झोपायची सोय असलेली गाडी आहे. त्याव्यतिरिक्त काही नाही. सगळा देश पालथा घातलाय म्हणतो. जेवताना सर्वांदेखत म्हणाला, "अदेल्मो, तू आख्खा इटली एकाच छत्रीखालून पाहिलास की रे!" सगळे हसले. नोर्मासुद्धा हसली. नोर्मा माझी बायको आहे. नोंद केली.

ठराव : यंदा ऑगस्टमध्ये समुद्र बंद. यंदा प्रवास. खरा.

७ जानेवारी

नवी वही. नवं पेन.

आधी परिस्थिती लिहून ठेवतो. दर ऑगस्टला दोन आठवडे चेर्व्हियाला, समुद्रावर. तिथे गुआल्तिएरो मोसमभर भाड्यानं छत्र्या देतो. बावीस रांगा, एका रांगेत दहा छत्र्या. आमची दुसऱ्या रांगेत, नंबर चौदा. डावीकडे तेरामध्ये व्हेरोनाचा दंतवैद्य, उजवीकडे पंधरामध्ये त्याच त्या दोघी बहिणी. तीच माणसं, तेच पत्ते, तीच टरबुजाची फोड. पुढच्या रांगेतलं कुणी मेलं किंवा रुसलं की मागचा एक घर पुढे सरकतो. माणसं याला सुट्टी म्हणतात. मी याला रेशनची रांग म्हणतो.

आता पद्धत. ठिकाण निवडणं हे शास्त्र आहे. दहा निकष, प्रत्येकी दहा गुण. गर्दी, चढ, पाणी, सावली, कॉफी, पार्किंग, इतिहास, डास, शांतता, आणि लोरिस तिथे गेला आहे का. ऐंशीच्या खालचं ठिकाण बाद. लोक मनात येईल तिकडे जातात आणि मग रडतात. मी आधी मोजतो.

१९ जानेवारी, रविवार

व्हेनिस. एकतीस गुण. पाण्यात बांधलेलं गाव, आणि प्यायला पाणी मागितलं तर वेटर असा बघतो की जणू त्याची किडनी मागितली. चालायला जागा नाही. पुलावर उभं राहावं तर जपानी नवरी फोटोतून बाजूला व्हा म्हणते. बाद.

नोर्मा म्हणाली, "आपण लग्नानंतर तिथेच जायचं ठरवलं होतं. तेव्हाही तू असंच काहीतरी म्हणाला होतास." म्हणजे माझं मत एकतीस वर्षं कायम आहे. याला सातत्य म्हणतात.

२ फेब्रुवारी

फ्लॉरेन्स : चित्रं बघायला रांग, रांग बघायला रांग. ३८. रोम : ऑगस्टमध्ये रोमन माणूस रोममध्ये थांबत नाही. त्याला काही कळत असेलच ना? ४०. दोन्ही बाद.

नोर्मा भांडी घासता घासता म्हणाली, "सिसिली." एवढंच. मी तिला समजावलं की एका शब्दाला प्लॅन म्हणत नाहीत. तरी न्याय म्हणून गुण दिले. सावलीला शून्य, गर्दीला शून्य. ४४. तिला टेबल दाखवलं. तिनं हात पुसले आणि गेली. पटलं असावं.

२३ फेब्रुवारी

आज झपाट्यानं काम. पाच गावं, समुद्राकडेला, डोंगरावर चिकटलेली : नुसते जिने. माणूस सुट्टीला जातो की हमालीला? ३५. कोमोचं तळं : श्रीमंतांची आंघोळीची जागा. २९. पुल्या : लोरिस तीनदा गेलाय. दहातला शून्य, आणि दंड म्हणून आणखी दहा वजा. डोलोमाइटचे डोंगर : चढण, आणि चढताना भेटणारा प्रत्येक माणूस "नमस्कार" म्हणतो. ओळख ना पाळख. ४७.

आठ ठिकाणं तपासली, आठ नापास. याचा अर्थ टेबल कडक आहे. कडकच हवं.

९ मार्च, रविवार

नोर्मानं विचारलं, "आणि आईचं काय?"

हा मुद्दा मी आधीच विचारात घेतला होता. (आजच घेतला, पण नीट घेतला.) चौदा नंबर मुळात सासऱ्यांचा. उगो. एकोणीसशे एकसष्टमध्ये अगदी शेवटच्या, बाविसाव्या रांगेत सुरुवात केली, आणि सत्त्याऐंशीमध्ये दुसऱ्या रांगेत पोचले. त्या दिवशी त्यांनी म्हणे सगळ्या रांगेला आईस्क्रीम दिलं. नऊ वर्षांपूर्वी गेले. छत्री माझ्या नावावर झाली, घरातला कर्ता पुरुष म्हणून. सासूबाई अजूनही त्यांच्याच बाजूच्या खुर्चीत बसतात, समुद्राकडे तोंड करून, आणि साडेबाराला उठतात. दोन आठवडे. बाकी वर्षभर त्या काही मागत नाहीत.

पण सवय ही साखळी असते. बाईला एकदा खऱ्या प्रवासाची गोडी लागली की चौदा नंबर आठवणारही नाही. उलट माझे आभार मानतील.

२० एप्रिल, ईस्टर

सासूबाईंकडे. कोकरू उत्तम. जेवल्यावर त्यांनी विचारलं, "गुआल्तिएरोला फोन केलास का रे?" दरवर्षी पंचवीस एप्रिलच्या आत होकार कळवायचा असतो. नाही कळवला तर छत्री जाते. हे तिथलं पोर पण जाणतं.

मी म्हणालो, "सगळं मार्गी लागलंय." हे शब्दशः खरं आहे. कोणत्या मार्गी, ते त्यांनी विचारलं नाही.

सासूबाईंनी माझ्या गालाला हात लावला. कधी लावत नाहीत. जरा चमत्कारिक वाटलं.

२५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११

गुआल्तिएरोचा फोन. स्वतः केला. त्याचा बाप उगोंना फोन करायचा, आता हा मला करतो. "मोजणीसाहेब, आज शेवटचा दिवस. चौदा ठेवू ना?"

या क्षणाची मी जानेवारीपासून वाट पाहत होतो. मी म्हणालो, "गुआल्तिएरो, यंदा आम्ही प्रवासाला चाललोय. चौदा नंबर द्या कुणालातरी. गरजू असेल त्याला."

तो म्हणाला, "साहेब, घरात विचारलंत का?"

मी म्हणालो, "माझ्या घरातले निर्णय मी घेतो." ठणकावून म्हणालो. नोर्मा बाल्कनीत कपडे वाळत घालत होती म्हणून आवाज थोडा खाली ठेवला, एवढंच.

पिंजऱ्याचं दार उघडलं! मोकळं वाटतंय.

त्याच दिवशी, दुपारी

छातीत जरा धडधड. कॉफी कमी करायला हवी.

४ मे

नोर्माला आज सांगणार होतो. पण ती खुशीत होती. खुशीत असलेल्या माणसाला का त्रास द्यावा?

११ मे

आज सांगणार होतो. पण ती चिडलेली होती. चिडलेल्या माणसाला सांगणं म्हणजे आगीत तेल.

धोरण बदललं. आधी ठिकाण नक्की. मग दोन्ही बातम्या एकदम : वाईट बातमी चांगल्या बातमीच्या पोटात घालून. औषधाची गोळी केळ्यात घालून देतात तशी.

८ जून, रविवार

सापडलं!

मोलीझे प्रांत. आपल्याकडे सगळे थट्टेनं म्हणतात की मोलीझे नावाचा प्रांत अस्तित्वातच नाही, नकाशावर कुणीतरी उगाच काढलाय. मूर्ख. म्हणूनच तर तिथे गर्दी नाही! काप्रानेरा नावाचं डोंगरातलं गाव. वस्ती तीनशे बारा. एक चर्च, एक झरा, एक खाणावळ, वर राहायच्या चार खोल्या. टेबलात बसवलं : ९१ गुण. दोनदा बेरीज केली. एक्क्याण्णव.

लोरिसला गावाचं नाव माहीत नाही. त्याला फोन करून मुद्दाम विचारलं. "तिथे काय आहे?" म्हणाला. मी म्हणालो, "काही नाही. तेच तर." गप्प बसला. त्याचं गप्प बसणं मी प्रथमच ऐकलं.

९ जून

काप्रानेराच्या खाणावळीला फोन. बाई बोलल्या, आवाज गोड. म्हटलं ऑगस्टचे पहिले दोन आठवडे, दोन खोल्या.

"ऑगस्टमध्ये?" बाई म्हणाल्या. "ऑगस्टमध्ये बंद असतं हो. ऑगस्टमध्ये आम्ही समुद्रावर जातो."

मी विचारलं, सगळे?

"सगळे. पाद्रीबाबासुद्धा. आमची तर तिसऱ्या रांगेतली छत्री आहे, एकोणीस वर्षांची. ती कोण सोडणार? वेड लागलंय का कुणाला!"

फोन ठेवला. या देशाचं काही खरं नाही.

१५ जून

काप्रानेराचे गुण नव्यानं तपासले. कॉफीला दहा दिले होते ते चूकच होतं, बाकीचेही सढळ हातानं दिले होते. आता ५८. बाद. बरं झालं वेळेवर लक्षात आलं.

२९ जून

थोडी तडजोड. पासची रेषा ऐंशीवरून पंचेचाळीसवर आणली. शास्त्रात असं करतात.

डोलोमाइट (४७) : चार हॉटेलांना फोन. भरलेली. पाचव्या हॉटेलचा माणूस हसला. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

६ जुलै, रविवार

रेषा पस्तीसवर. सिसिली भरली. पाच गावं भरली, जिन्यांसकट. पुल्यामध्ये एक खोली मिळत होती, पण ती गोठ्याच्या वर, आणि ज्याच्याकडून ती कळली तो लोरिसचा मित्र.

सासूबाईंनी फोनवर सांगितलं की नवा पोहण्याचा पोशाख घेतलाय, निळा. "उगोला निळा आवडायचा." नोर्मानं फोन माझ्याकडे दिला तेव्हा मी कुकर लावलाय असं सांगून परत दिला. आमच्याकडे कुकर नाही.

१३ जुलै

व्हेनिसला फोन केला. एकतीसवाल्या व्हेनिसला! एक पोटमाळा शिल्लक होता, चार जिने चढून. सासूबाईंचे गुडघे. नाही.

नंतर नुसता बसून राहिलो. खरं लिहितो, इथे कोण वाचतंय : भीती वाटली. ठिकाण मिळत नाही म्हणून नव्हे. ती बाई निळा पोशाख घालून कुठे बसणार, म्हणून.

१४ जुलै, सोमवार. ऑफिसातून

गुआल्तिएरोला फोन. अगदी सहज. हवापाणी विचारलं. मग म्हटलं, आमचा प्रवास पुढच्या वर्षावर गेलाय, तर चौदा नंबर परत लावून टाका.

"चौदा गेला, मोजणीसाहेब."

कुणाला?

"ते मी कसं सांगू? इथला नियम आहे."

मी आवाज चढवला. एकतीस वर्षांचा संबंध वगैरे. तो शांतपणे म्हणाला की फेरारातल्या एका कुटुंबानं नकार कळवलाय, तेवढी एक जागा आहे. दोनशे एकोणीस. बाविसावी रांग, शॉवरच्या शेजारी.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. माझ्यासारख्या माणसाला असं कोपऱ्यात ढकलता येत नाही.

विचार अकरा मिनिटं केला.

२० जुलै

नोर्माला सांगायचं ठरवलं. तिच्यासमोर उभा राहिलो. ती म्हणाली, "बोल." मी म्हणालो, "मीठ संपलंय का?" ती म्हणाली, "मीठ भरपूर आहे, अदेल्मो."

आता गाडीत सांगेन. गाडीत माणूस उठून जाऊ शकत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

निघालो. सगळा देश आजच निघाला. दरवर्षी याच शनिवारी रस्त्याला भयंकर गर्दीचा काळा शेरा मारतात, तरी हे लोक आजच निघतात. मेंढरं. आपण निघालो ते वेगळं, आपलं बुकिंग होतं.

बोलोन्याच्या अलीकडे सांगणार होतो. ट्रक आडवा आला. इमोलापाशी सासूबाई म्हणाल्या, "दंतवैद्याची दुसरी बायको यंदा येते का बघू." फोर्लीला थांबलो, कॉफी घेतली. नोर्मा म्हणाली, "काही सांगायचंय का तुला?" मी म्हणालो, "चाकात हवा कमी आहे."

चेर्व्हिया आलं. सामान नेहमीच्या हॉटेलात टाकलं, खोल्या दरवर्षी नोर्माच सांगून ठेवते. सासूबाई निळा पोशाख, वर झगा, हातात टोपली, थेट किनाऱ्यावर. लाकडी वाटेवरून पुढे त्या, मागे नोर्मा, त्यामागे मी. बाविसावी रांग गेली. पंधरावी गेली. मी म्हणालो, "आई, जरा थांबा." त्या थांबल्या नाहीत. पाचवी. तिसरी. मी डोळे मिटून घेतले. मनात म्हटलं, आता तिथे कुणी परका जर्मन बसलेला असेल, आणि ही म्हातारी त्याच्यासमोर टोपली घेऊन उभी राहील, आणि हे मी केलंय.

डोळे उघडले. चौदा नंबरखाली लोरिस बसला होता. सासूबाईंची खुर्ची उलगडत होता, समुद्राकडे तोंड करून.

"ये रे जगप्रवाश्या," म्हणाला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हकीकत अशी. पंचवीस एप्रिलला मी फोन ठेवला आणि पाच मिनिटांत गुआल्तिएरोनं सासूबाईंना फोन केला. बाईंनी तिथल्या तिथे छत्री लोरिसच्या नावावर करून घेतली. नोर्माला त्याच दुपारी आईच्या फोनवरून कळलं. बाल्कनीत. मी धडधड लिहीत होतो तेव्हा.

म्हणजे मे, जून, जुलै. सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

मी नोर्माला विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "म्हटलं, तुझं टेबल तरी पुरं होऊ दे. आणि रोज वाटायचं, आज सांगेल. आज तरी सांगेल."

 

पुढचं संकट. चौदा नंबरला खुर्च्या तीन. दरवर्षी लोरिस गाडी घेऊन हुंदडत असतो, म्हणून आम्हा तिघांना पुरायच्या. यंदा नाव त्याचं. म्हणाला, "यंदा कुठे जावंसंच वाटेना रे. आणि तुझी सोय झालीये असं ऐकलं? दोनशे एकोणीस?" दंतवैद्य हसला. दोघी बहिणी हसल्या. दंतवैद्याची दुसरी बायको, जी मला ओळखतही नाही, तीही हसली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३ ऑगस्ट

दोनशे एकोणीस. शांतपणे पाहिलं तर जागा वाईट नाही. टेबलात बसवली. सावली १० (शॉवरच्या भिंतीची). पाणी १०. कॉफी जवळ. लोरिस शून्य, म्हणजे दहा. एकूण ८८. देशातलं कुठलंच ठिकाण टिकलं नाही, हे टिकलं.

समुद्र दिसत नाही, हे खरं. समुद्र काय, निकषांत नव्हताच.

७ ऑगस्ट

पावलांनी मोजलं. इथून चौदा नंबर एकसष्ट मीटर. मधे एकोणीस रांगा आणि त्यांची पोटं. उभं राहिलं तर सासूबाईंची टोपी दिसते. बसलं की नाही.

दिवसातून काही वेळा उभा राहतो. पाठीला बरं असतं.

अगदी पुढे, एकविसाव्या रांगेत, दोनशे नऊमध्ये बेर्गामोचा एक म्हातारा. वय ऐंशीच्या पुढे. एकटा. कण्हत कण्हत उठतो. सारखा गुडघा चोळतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी

साडेबाराला सासूबाई उठल्या. हॉटेलकडे न जाता लाकडी वाटेवरून सरळ माझ्याकडे आल्या. एकट्या. टोपलीत टरबुजाची फोड. माझ्या खुर्चीत बसल्या, मी वाळूत.

आजूबाजूला बघत म्हणाल्या, "शॉवर तेव्हा नव्हता. बाकी तेच. इथूनच सुरुवात केली आम्ही. उगो दर संध्याकाळी उभा राहून पुढच्या रांगा मोजायचा. नोर्मा पोटात असताना आम्ही अकराव्या रांगेत होतो. सव्वीस वर्षं लागली त्याला तिथवर पोचायला, अदेल्मो. आणि तू ते एका फोनवर देऊन टाकलंस. गरजूला."

तो शब्दसुद्धा गुआल्तिएरोनं त्यांना सांगितला होता.

मी म्हणालो, "चुकलं माझं, आई." एकतीस वर्षांत प्रथमच म्हणालो असेन. लाज वाटली. खूप वाटली.

त्या म्हणाल्या, "फोड खा. गरम होतेय." मग उठताना माझ्या डोक्यावर हात टेकला, आधारासाठी असेल, आणि म्हणाल्या, "तू अठ्ठावन्नचा ना? तब्येत सांभाळ."

गेल्यावर हिशेब लक्षात आला. अठ्ठावन्न अधिक सव्वीस. चौऱ्याऐंशी.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मोठा सण. सगळे पाण्यात. संध्याकाळी चौदा नंबरला मला जेवायला बोलावलं. उभ्यानं जेवलो, खुर्ची नव्हती. लोरिस म्हणाला पुढच्या वर्षी सिसिलीला जातोय, चौदामधली त्याची खुर्ची रिकामी असेल. मी क्षणभर आशेनं पाहिलं. नोर्मा म्हणाली, "सिसिलीला मी पण जातेय. लोरिसच्या गाडीतून." मग सासूबाईंनी जाहीर केलं की त्या खुर्च्यांवर दोघी बहिणींच्या भाच्या बसतील, शब्द देऊन झालाय.

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळी

परतीचा दिवस. सामान भरायच्या आधी गुआल्तिएरोकडे गेलो. म्हटलं, पुढच्या वर्षीचं आत्ताच लिहून घ्या. दोनशे एकोणीस, माझ्या नावावर.

"एप्रिलपर्यंत वेळ आहे की, मोजणीसाहेब."

म्हटलं, आत्ताच लिहा.

त्यानं लिहिलं. मी हळूच विचारलं, पुढे सरकायची काही शक्यता? तो वही चाळून म्हणाला, "एकविसाव्या रांगेत बघू. बेर्गामोचे आजोबा गुडघ्यानं हैराण आहेत. पुढच्या वर्षी जमेल का नाही म्हणत होते."

मनात आलं ते बरं नव्हतं. तरी परत येताना दोनशे नऊपाशी थांबलो. खुर्ची रिकामी. काळजात काहीतरी हललं. सहानुभूती असावी.

एवढ्यात आजोबा समुद्राकडून आले. ओलेचिंब. लांबवर जाऊन पोहून आले होते. टॉवेल झटकत म्हणाले, "या खाऱ्या पाण्यानं गुडघा एकदम मोकळा झाला बघा! आता अजून वीस वर्षं काही बघायला नको."